आईचे तीन आहार

घरात मला पोलीस पाटील म्हणत. दूधवाल्याच्या मापात मी बोट घालून बघे, रेशनच्या गव्हातले खडे वेचून त्याच दुकानात नेऊन दाखवी, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की याला आता काय पाहिजे असावं याचा अंदाज बांधत बसे. संशयी माणसाला लोक नावं ठेवतात. ठेवोत बापडे. आईच्या वजनाच्या प्रकरणात माझा संशय आधी सगळ्या चुकीच्या दारांच्या कड्या वाजवत फिरला हे खरं आहे, पण तो फिरला नसता तर बरोबर दार कुणालाच सापडलं नसतं.

सन साठच्या अलीकडे-पलीकडची गोष्ट. आम्ही अकोल्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा मालधक्क्यावर कारकून होते, मी तिथल्याच कॉलेजात शिकत होते आणि माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होता. आईच्या बेंबीपाशी एक गोळा येत असे. ती खोकली, हसली किंवा पाण्याची घागर उचलली की तो बाहेर येई, आणि आडवी झाली की आत जाई. ती त्याला 'माहं धाकलं' म्हणे आणि पदराखाली झाकून कामाला लागे.

त्या उन्हाळ्यात धाकलं फार रडवायला लागलं, तेव्हा दादानं तिला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. सर्जननं तपासलं, हात धुतले आणि सरळ सांगितलं, "हर्निया आहे. ऑपरेशनच करावं लागेल. पण आत्ता केलं तर टाके या चरबीत धरणार नाहीत, आणि भूल सोसेल याचीही मला खात्री नाही. दिवाळीपर्यंत वजन उतरवून आणा. मात्र त्याआधी गोळा बाहेर येऊन अडकला, उलट्या सुरू झाल्या, तर मग थांबायला वेळ मिळणार नाही."

परतीच्या बसमध्ये आई खुशीत होती, कारण कापायचं लांबलं होतं. मी मात्र शेवटचं वाक्य ऐकलं होतं. मूर्तिजापूरपर्यंत मी तिच्या पदराकडेच बघत बसले होते. मला भीती वाटत होती आणि ती सांगायला कुणी नव्हतं.

वजन उतरवायचं ठरल्यावर सल्ल्यांना काय तोटा. सर्जनचं म्हणणं, तूप, तेल आणि गोड बंद करा, भाकरी-भाजी मोजकी खा. दादानं कॉलेजच्या लायब्ररीत कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की खरा दोष भाकरी, भात आणि बटाट्याचा. ते बंद करा, मग दूध, दही, अंडी, मटण, तूप काय हवं ते खा. आणि अमरावतीत एक निसर्गोपचारवाले होते, लोकांच्या पोटावर ओली माती लिंपून बसवणारे. ते म्हणाले, चूलच बंद करा. फळं, कच्च्या भाज्या आणि ताक, बस. तिघांच्याही तोंडी ज्याची त्याची खात्री अशी होती की माझा तिघांवरचाही विश्वास उडाला. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर फळं खा म्हणणाऱ्यानं अकोल्याचा बाजार कधी पाहिला होता की नाही, हीसुद्धा मला शंका होती.

दादा म्हणाला, "शास्त्रात 'मले वाटते' चालत नाही. तुलना करून पाहावं लागते." त्यानं वाचलं होतं की परदेशात माणसांना वेगवेगळे आहार देतात, वजनं घेत राहतात आणि मग बोलतात. आपणही तसंच करू. आईनं हे तिन्ही आहार एकामागून एक करायचे, काही आठवडे हा, काही आठवडे तो. पण एकटीवर प्रयोग करून भागत नाही, जोडीला दुसरं कुणी पाहिजे. ते दुसरं कुणी म्हणजे शेजारच्या काकू.

काकूंचे यजमान बाबांच्याच ऑफिसात होते. काकू अंगानं आईच्या बरोबरीच्या आणि गुडघ्यांनी बेजार. त्या मंडळींनी दीक्षा घेऊन बौद्ध धर्म स्वीकारला होता, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. क्वार्टर शेजारी मिळाली तेव्हा आईनं सुरुवातीला त्यांच्या घरचा चहा 'आत्ताच झाला' असं सांगून टाळला होता, आणि काकूंना त्यातलं सगळं कळत होतं. मग मला मोतीझऱ्याचा ताप, म्हणजे टायफॉईड, झाला. आई माझ्या उशाशी आणि आमची चूल काकूंच्या ताब्यात, असे दिवस गेले. त्यानंतर चहाचा प्रश्न राहिला नाही. त्याबद्दल दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत, पण भिंतीतून एकमेकींना हाका मारण्याइतकं त्यांचं जमलं.

दादानं काकूंना तेच तीन आहार उलट्या क्रमानं दिले. "म्हणजे ऋतूचा दोष निघून जाते," तो म्हणाला. काकू म्हणाल्या, "तुह्या मायसाठी मी उलटी चालन, सुलटी चालन. पन माह्या गुडघ्यायले इचारून घेजो." दोन बायकांवरून जगाचा निष्कर्ष काढणारं हे कुठलं शास्त्र, असं मी विचारलं. दादानं माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मोठा भाऊ आणि वर प्रोफेसर, त्याला ते दोन्हीकडून शोभत होतं.

वजन घ्यायचं मालधक्क्यावर. हंगामात जिथं कापसाच्या गाठी चढत, तो जमिनीलगतचा लोखंडी काटा पावसाळ्यात रिकामाच असे. बाबांना त्याचा फार अभिमान. "हा सरकारी काटा हाय," ते म्हणत, "जिनातल्यासारखा मारत नाही." जिनांमधले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांतले, काटे शेतकऱ्याचा कापूस कमी दाखवतात हे सगळ्या वऱ्हाडाचं ठाम मत होतं, आणि त्या मतात मी मागे नव्हते. रविवारी सकाळी दोघी चपला काढून, एक हात पोटावर आणि एक पदरावर ठेवून पाळीपाळीनं काट्यावर उभ्या राहत. हमाल मुद्दाम दुसरीकडे बघत. किलो तेव्हा नुकताच आला होता आणि कुणालाच तो आपला वाटत नव्हता, म्हणून बाबा आकडा शेरात करून सांगत.

"गाठीवानी उभी केली मले," आई म्हणे. "आता पट्ट्या मारा अन् मुंबईले धाडून द्या."

"तुले धाडाले आख्खा डबा लागन," काकू म्हणत.

आषाढ गेला, श्रावण लागला. काकूंचं वजन रविवारमागून रविवार हळूहळू उतरत गेलं. फळं-ताक असो, दही-मटण असो, उतरणं चालूच. आईचं जागचं हललं नाही. मग हललं, ते वर. दादानं आहार बदलून पाहिला तरी वरच. सर्जनचा आहार तिला लागू नाही, दादाचा लागू नाही, आणि त्याच आहारांवर शेजारीण मात्र झडते आहे. दिवाळी जवळ येत होती.

मी आधी काट्यावर संशय घेतला. बाबांना शिक्क्याची वजनं ठेवून तो तपासायला लावला. बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, पण त्यांनी तपासला. काटा बरोबर होता. मग मी दादाच्या आहारांवर संशय घेतला, पण ते काकूंवर चालत होते. राहिली आई.

ती चोरून खाते असं माझ्या मनानं घेतलं. मी शेंगदाण्याच्या डब्याला बाहेरून कोळशाची खूण केली. गुळाच्या फडक्याला माझी स्वतःची गाठ मारली. तुपाच्या बरणीवर काल कुठवर होतं ते डोळ्यांत ठेवून आज बघे. डबे उतरत होते, पण आईला विचारलं की ती लगेच सांगे, "शनवारी लागले शेंगदाणे," किंवा "एकादशीले तूप काढलं." ते मला ठाऊकच होतं. उपवासाला शेंगदाणे लागणारच, त्यात विचारायचं काय. म्हणून ते मी सोडून दिलं. एवढी मी पोलीस पाटील.

आईला स्वतःलाही काळजी लागली होती. ती तसं म्हणत नसे, पण तिचे उपवास वाढत चालले होते. शनिवार मारुतीचा होताच. त्यात मंगळवार आला, चतुर्थी आली, महिन्याच्या दोन्ही एकादश्या आल्या, मग गुरुवारही धरला. दादाचा आहार ती बाकीच्या दिवशी अगदी मन लावून पाळी. दादाला उपवासांचं बरं वाटे. तो शनिवारी दुपारच्या बसनं यायचा तेव्हा आई फराळालाच बसलेली असायची. तिच्या ताटलीतली साबुदाण्याची खिचडी दोन घास स्वतः खात तो म्हणे, "हे चांगलं करतेस आई. तेवढाच पोटाले आराम." रसायनशास्त्राचा प्रोफेसर पुरावा चावता चावता हे बोलत होता आणि मी पोलीस पाटील शेजारी बसून लिंबाचं लोणचं वाढत होते.

भाद्रपदात एका दुपारी आईनं पाट्यावर चटणी वाटता वाटता एकदम पोट धरलं. गोळा बाहेर आला होता आणि आत जात नव्हता. तो दगडासारखा कडक झाला. आई आडवी झाली तरी जाईना, आणि मग उलट्या सुरू झाल्या. सर्जनचं ते शेवटचं वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं. काकूंनी टांगा आणला. बाबा मालधक्क्यावरून धावत आले, त्यांच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या. गावातल्या डॉक्टरांनी आईला डोकं खाली, पाय वर असं निजवलं, बर्फ लावला आणि खूप वेळ हलक्या हातानं दाबत राहिले. शेवटी तो आत गेला. आईच्या तोंडावर घामाचे थेंब होते आणि ती मला म्हणत होती, "चटनी झाकली का नाई?"

डॉक्टर बाबांना बाहेर घेऊन गेले. मी मागोमाग गेले. "या वेळी गेला," ते म्हणाले. "पुढच्या वेळेला जाईलच असं नाही. अमरावतीला नेऊन उरकून टाका."

पण अमरावतीचा सर्जन या वजनावर सुरी लावणार नव्हता. मी घरी आले आणि मोरीचं दार लावून रडले. मग मला राग आला. आईचा आला. जीव जायची वेळ आली आहे आणि ही बाई कुठंतरी, कुणाकडेतरी, काहीतरी खाते आहे. आमच्या घरात नाही, म्हणजे शेजारी.

दुसऱ्याच दिवशी मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. त्या भाकरी थापत होत्या.

"काकू, खरं सांगा. आई तुमच्याकडे येऊन काही खाते काय?"

काकूंनी भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुही माय माह्या घरी चाय पेते. ते बी बिनासाखरेचा. अन् पिताना असं तोंड करते का जसं मी काढाच देल्ला."

"मग तुमचंच वजन कसं उतरून राहिलं? आहार तर दोघींचे तेच हायेत."

"आहार तेच हायेत. पन माह्ये उपास कुठं हायेत आता? दीक्षा घेतली अन् सुटले सारे. तुह्या मायचं त जेवनं कमी, उपासच जास्त होऊन राहिले."

"उपासानं वजन उतरायला पाहिजे ना."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू कधी धरला काय उपास?"

मी देवाधर्माच्या बाबतीतही संशयीच होते. "नाही," मी म्हटलं.

"तरीच," काकू म्हणाल्या आणि भाकर उलटली. "देव सोडतानी मले काई वाटलं नाई बाई. देवानं आमच्यासाठी केलंच काय होतं? पन शनवारची खिचडी सोडतानी लय जीवावर आलं. तुपातली, दान्याच्या कुटाची, गरमगरम. पयले वर्षी त शनवार आला का तोंडाले पानी सुटे. मी मालकायले म्हटलंबी, धर्म बदलला तं बदलला, खिचडी राहू द्या म्हनून." त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "घरात तेवढं एकच असं राहे, जे बाईसाठी म्हनून शिजे. तिचं तिच्यापुरतं. बाकी मंग उरलंसुरलं."

मी परत आले. शनिवारपर्यंत थांबले, आणि त्या शनिवारी कॉलेजला गेलेच नाही.

सकाळी आईनं भिजवलेला साबुदाणा तुपावर परतला. दाण्याचं कूट ओंजळीनं पडलं. सोबत शिंगाड्याच्या पिठाचा शिरा झाला, कारण 'नुसती खिचडी कोरडी लागते'. एक केळं, काकूंच्या माहेराहून अंजनगाव सुर्जीहून आलेल्या फणीतलं. दुपारी राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी. हे सगळं उपवासाचं म्हणून वेगळ्या भांड्यात, वेगळ्या उलथन्यानं. शिजताना त्याला आमच्या कुणाचा हात लागायचा नाही, आमचं उरलंसुरलं त्यात मिसळायचं नाही. आईनं पाट घेतला आणि चुलीसमोर बसली. वाफ निघत असताना ती सावकाश खात होती. तिचे डोळे अर्धवट मिटले होते. इतकी निवांत बसलेली आई मी एरवी कधी पाहिली नव्हती.

रविवारी मी दिवसभर तिच्या मागे राहिले. आधी बाबा जेवले, मग दादा, मग मी. आई तव्यावरून भाकरी उतरवत राहिली. सगळ्यांचं झाल्यावर तिनं दादाच्या प्रयोगात बसेल एवढं ताटात वाढून घेतलं आणि ते प्रामाणिकपणे खाल्लं. मग भांडी घासायला घेतली. कढईच्या बुडाशी चिकटलेली भाजी तिनं भाकरीच्या तुकड्यानं पुसून तोंडात टाकली. पातेल्यात राहिलेला भात खरवडला. माझ्या ताटात मी टाकलेली अर्धी भाकर दुधाच्या भांड्यात कुस्करली आणि ओट्याशी उभ्या उभ्याच संपवली. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिच्या ताटातल्या जेवणापेक्षा ते जास्त होतं, एवढं मात्र नक्की.

संध्याकाळी दादा बस पकडायला निघण्याआधी मी आईला त्याच्यासमोर विचारलं. बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते.

"आई, तू काल खिचडी, शिरा, भगर एवढं खाल्लं. हे दादाला कधी सांगितलं काहून नाही?"

"काय सांगाचं?" आई म्हणाली. "उपास व्हता ना काल."

"आणि आज पातेल्यातला भात खाल्ला तो?"

"तो उरला व्हता. टाकू काय?"

माझं सगळं आयुष्य लोकांच्या तोंडावरून खोटं ओळखण्यात गेलं आहे. आईच्या तोंडावर खोटं नव्हतं. दादानं दर आठवड्याला 'जेवणात काय खाल्लं' असं विचारलं होतं आणि तिनं दर आठवड्याला खरं उत्तर दिलं होतं. उपवास हे काही जेवण नव्हतं. उरलेलं संपवणं हे तर खाणंसुद्धा नव्हतं, ते काम होतं, भांडी घासण्यातलंच. आणि जीवाची भीती वाढली तसतशी बिचारी देवाला खूश करायला उपवास वाढवत गेली होती, आणि मारुतीच्या नावानं तूप, साबुदाणा आणि शेंगदाणे तिच्या पोटावर चढत होते. दादा आपल्या शर्टाच्या गुंड्यांकडे बघत बसला. त्या खिचडीतले घास त्यानंही खाल्ले होते.

"मग हे उपास सोड," तो शेवटी म्हणाला. "निदान ऑपरेशन होईस्तोवर."

आई एकदम तापली. ती आमच्यावर क्वचितच तापत असे. "शनवार काहून सोडू? उपास धरले म्हनून त त्या दिवशी गोळा आत गेला. अन्..." ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "शनवारीच त मले गरम भेटते. बाकीच्या दिवशी कवा भेटलं? तुमची जेवनं होयेपर्यंत चूल इझते. माहेरीबी तसंच, अन् इथंबी तसंच."

शेजारच्या खोलीत पेपरचा आवाज थांबला. दादाची बस त्या दिवशी चुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानं घेतली तरी बाबा बसायला आले नाहीत. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "आज भाकरी तू टाक. अन् पयले तिले वाढ."

"असं कुठं असते काय," आई म्हणाली. "लोकं का म्हनतीन."

"लोकं आपल्या घरी जेवून राहिले."

आईला ते फार जड गेलं. नवरा उभा आहे, मोठी झालेली पोरगी चुलीशी आहे, आणि आपण पाटावर बसून गरम भाकर खातो आहोत, या लाजेनं तिनं आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून भराभर घास घेतले. माझी भाकर एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं फाटलेली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "अशा भाकरीनं वजन उतरनच." बाबा तव्याकडे बघत होते, सिग्नल पडायची वाट पाहणाऱ्या मालगाडीसारखे. त्यांना भुकेची सवय नव्हती. तरी ते हलले नाहीत.

भिंतीकडचं तोंड चुलीकडे वळायला बरेच दिवस गेले. ज्यानं त्यानं आपल्या ताटातलं संपवायचं आणि पातेल्यातलं उरेल ते दारावरच्या गाईला, असा बाबांनी नियम घातला. मला तो नियम पाळला जातो का याची शंका होतीच, म्हणून भांडी मी घासायला घेतली. बाकीचे उपवास आईनं सोडले, शनिवार सोडला नाही. फक्त त्या दिवशी ती ताक आणि एखादं फळ घेऊ लागली. खिचडी मी करू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "राहू दे. गरम त रोजच भेटून राहिलं. मारोती काई रुसत नाई."

आहार सर्जनचा होता की दादाचा, हे आता कुणी पाहत नव्हतं. दादा त्यावरून हिरमुसला. "तुम्ही सगळ्याच गोष्टी एकदम बदलल्या," तो म्हणाला. "आता काहून उतरलं ते कसं सांगायचं?" काकूंच्या बाबतीत तर त्याची आणखीनच निराशा झाली होती. तिन्ही आहारांवर त्यांचं वजन जवळपास सारखंच उतरलं होतं. ज्या मासिकातल्या आहारावर त्याची भिस्त होती तोसुद्धा बाकी दोघांच्या बरोबरीनंच चालला. मी म्हटलं, "मग तिघंही खरे, नाही तर तिघंही अर्धे खोटे." काकू म्हणाल्या, "मी जे ताटात घेतलं तेवढंच खाल्लं बाप्पा. तुह्या शास्त्राले हे कोनी सांगतलं नाई काय?"

आईचं वजन उतरायला लागलं. मी पुन्हा काट्यावर संशय घेतला, कारण चांगली बातमी मला तपासल्याशिवाय पचत नाही. बाबांनी या वेळी न सांगताच शिक्क्याची वजनं ठेवून दाखवली. दिवाळी झाली, मालधक्क्यावर कापसाच्या गाठी यायला लागल्या, आणि गाठी उतरवून बाजूला ठेवल्यावर हमालांनी आईला काट्यावर जागा करून दिली. तिचं शेवटचं वजन बाबांनी किलोतच सांगितलं. शेरात केलंच नाही, त्यात आकडा वाढला असता. घाईत विसरले असावेत.

ऑपरेशन अमरावतीला झालं. भूल तिनं सोसली, टाके धरले. वॉर्डात तिच्या उशाशी काकू राहिल्या, कारण माझी परीक्षा होती, आणि दवाखान्याच्या आवारात विटांच्या चुलीवर काकूंनी केलेली भाकर आईनं ऑपरेशननंतर पहिल्यांदा खाल्ली तीसुद्धा गरम, तव्यावरून उतरलेली. मला हे काकूंनी सांगितलं. आईनं नाही.

टाके काढायच्या दिवशी मी तिथं होते. सर्जननं जखम पाहिली आणि तो खरंच खूश झाला. वजन उतरवा म्हणून सांगितलेले पेशंट बहुतेक वजन वाढवून परत येतात, असं तो म्हणाला. मग त्यानं दादाकडे वळून विचारलं, "तुम्ही सायन्सचे ना? कोणता आहार दिलात यांना?" दादानं खिशातून तिन्ही आहारांचे कागद काढले आणि एकेक उलटून पाहायला लागला.

आईनं पदर सारखा केला. ज्या जागी धाकलं असायचं तिथं आता पट्टी होती, आणि तिचा हात सवयीनं तिथंच होता.

"आता मले पयले वाढतेत, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली.

सर्जन हसला. मान डोलावत म्हणाला, "म्हणजे वेळेवर, लवकर जेवता. चांगली सवय आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. साहेबांच्या घरी शेवटी कोण जेवत असेल, हा संशय तेव्हा माझ्या मनात आला तो आजतागायत फिटलेला नाही.

"लवकर नाई," आई म्हणाली. "पयले."